शिवा जुळविताना



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आपले उभे आयुष्य जमिनीच्या दप्तराच्या सेवेत घालविले. म्हणूनच आजच्यासाठी मी असा विषय निवडला आहे की जो वरवर पाहता केवळ संगणकाच्या खोलीतला वाटावा, परंतु ज्याचे धागेदोरे शेताच्या बांधापर्यंत आणि बांधावरून कोर्टाच्या पायरीपर्यंत जाऊन पोहोचतात. शेजारशेजारच्या दोन गावांचे नकाशे संगणकात दोन स्वतंत्र स्तर, किंवा तेथील मंडळींच्या भाषेत दोन लेयर, म्हणून उतरविले गेले आहेत. आता तालुक्याचा एकसंध नकाशा हवा आहे. तर ते दोन स्तर एकमेकांस कसे जोडावेत, आणि जोडताना कोणता अधिकार आपण वापरतो व कोणता वापरू नये, एवढाच हा प्रश्न आहे.

प्रथम ही क्रिया समजून घेऊ. क्यूजीआयएससारख्या सॉफ्टवेअरमध्ये दोन स्तर एकत्र करण्याची आज्ञा दिली म्हणजे दोन्ही स्तरांतील आकृती आणि त्यांस जोडलेले तपशील एका नव्या फाइलमध्ये येऊन बसतात, आणि नवख्या माणसास वाटते की काम झाले. वास्तविक या आज्ञेने शिवेच्या रेषेला स्पर्शदेखील केलेला नसतो. पूर्वी दोन दप्तरांत असलेले कागद एका दप्तरात बांधले गेले, इतकेच घडलेले असते. शिवेवर दृष्टी जवळ नेली की खरी अवस्था दिसू लागते: एका गावाची शीव दुसऱ्या गावाच्या शिवेस कुठे मिळतच नाही आणि मध्ये कोणत्याच गावात नसलेली एक चिंचोळी पट्टी मोकळी राहते, तर कुठे एक रेषा दुसरीवर चढून जाते आणि तीच जमीन दोन्ही गावांत मोजली जाते. कडा जुळविणे हे यानंतरचे आणि निराळे काम. आणि जुळलेल्या आकृतींमधील रेषा पुसून त्यांचा एक आकार करणे, ज्यास डिझॉल्व्ह म्हणतात, हे त्याहून निराळे. या तीन कामांस एकच काम समजण्याची चूक इतक्या ठिकाणी होते, की तालुक्याचा नकाशा तयार झाल्याची वार्ता ऐकली म्हणजे तीनपैकी कोणते काम झाले हे मी आधी विचारतो.

या फटी का पडतात, याचे उत्तर आपल्या जमाबंदीच्या इतिहासात आहे. इंग्रजी अंमलाच्या आरंभी दख्खनमध्ये प्रिंगल यांनी केलेली मोजणी आणि आकारणी फसल्यानंतर १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि त्यांच्यामागून विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात जी नवी पद्धती घातली, तीच पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालाने सबंध मुंबई इलाख्यात रूढ झाली. तिचा पाया तेहतीस फुटांची साखळी. साखळीचे सोळा आणे, एका चौरस साखळीचा एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर, हा हिशेब आजही आपल्या बोलण्यात जिवंत आहे. पद्धतीचा हेतू प्रत्येक शेताचे क्षेत्र ठरवून त्यावर साऱ्याचा आकार बसविणे हा होता. देशाचे चित्र रेखाटणे हा नव्हता. म्हणून प्रत्येक गाव हे मोजणीच्या दृष्टीने एक स्वतंत्र विश्व मानले गेले. शंकू-साखळीने शेते मोजली जात, टिपणांवर त्यांची मापे लिहिली जात, त्या टिपणांवरून गावनकाशा रचला जाई, आणि त्या नकाशाची दिशा पुष्कळ ठिकाणी होकायंत्राच्या उत्तरेवरून ठरविली जाई. शेजारच्या गावाची मोजणी दुसऱ्या टोळीने, कधी दुसऱ्या वर्षी, कधी दुसऱ्या दशकात केली. दोघांमधली शीव अशा रीतीने दोनदा मोजली गेली, दोन बाजूंनी, दोन हातांनी. आणि या दोन मोजण्या एकमेकींशी ताडून पाहण्याची गरज जमाबंदीस फारशी भासली नाही, कारण दोन्ही गावांचा आकारबंद आपापल्या जागी बरोबर उतरत होता.

याच काळात या देशात दुसरी एक मोजणी चालू होती, आणि तिचे तत्त्व नेमके उलटे होते. १८०२ मध्ये लॅम्टन यांनी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी पायारेषा मोजून जिचा आरंभ केला आणि पुढे एव्हरेस्ट यांनी जी हिमालयाच्या पायथ्याशी नेली, ती महान त्रिकोणमितीय मोजणी मोठ्या त्रिकोणांकडून लहानांकडे उतरत होती. त्रिकोणांच्या कोनांच्या बेरजेत राहिलेली चूक ती लपवीत नसे, गणिताने सर्वांवर वाटून देई आणि किती वाटली हे नोंदवून ठेवी. जमाबंदीची मोजणी शेताकडून गावाकडे चढली आणि गावाच्या शिवेवर थांबली. या दोन मोजण्यांची गाठ सर्वत्र पडली असती, प्रत्येक गावाचे दोनचार शिवेचे दगड त्रिकोणांस बांधले गेले असते, तर आज संगणकापुढे बसलेल्या तरुणास निम्म्याहून अधिक कष्ट पडले नसते. ती पडली नाही याबद्दल मी त्या काळच्या अंमलदारांस दोष देत नाही. त्यांच्यापुढे महसुलाचा प्रश्न होता, आणि तो त्यांनी विलक्षण काटेकोरपणे सोडविला.

आता कागदाकडे पाहा. गावनकाशा दहा साखळ्यांस एक इंच या प्रमाणावर असेल, तर हे प्रमाण एकास ३,९६० होते. म्हणजे कागदावरील अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेषा जमिनीवर सुमारे दोन मीटर रुंद ठरते. साठ सेंटिमीटर लांबीचा कागद दमट हवेत आणि उन्हाळ्यात, घड्या घालून आणि कापडावर चिकटवून, शेकडा एकने जरी आकसला, तरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ चोवीस मीटरांचा फरक पडतो. असा कागद स्कॅन करून, त्यावरील चार खुणा जमिनीवरील चार ठिकाणांशी जुळवून, रेषांवरून माउस फिरवून जो स्तर तयार होतो तो डोळ्यास अतिशय रेखीव दिसतो, आणि मला त्या रेखीवपणाचेच भय वाटते. मूळ नकाशाचा जीर्ण कागद पाहणाऱ्यास तो आपल्या मर्यादा स्वतःच सांगत असे. संगणकाच्या पडद्यावरची बारीक रेषा कितीही जवळ गेले तरी बारीकच राहते.

सर्व विसंगती मात्र या जातीच्या नसतात. काही निव्वळ गणिताच्या असतात, आणि त्यांचे निवारण पूर्णपणे होऊ शकते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट यांच्या नावाच्या पृथ्वीगोलावर आधारलेले; उपग्रहांवरून स्थान सांगणारी यंत्रे डब्ल्यूजीएस ८४ या गोलावर बोलतात. आपल्या प्रांतात या दोहोंमध्ये एकाच बिंदूच्या स्थानात शंभराहून अधिक मीटरांचा फरक पडतो. जो एक स्तर पहिल्या गोलावर आणि दुसरा दुसऱ्या गोलावर ठेवून त्यांच्या कडा ओढून जुळवितो, तो खऱ्या चुकीवर खोटा उपचार करतो. तसेच पट्ट्यांचे. पृथ्वीचे सहा सहा अंशांचे जे उभे पट्टे नकाशासाठी कल्पिले आहेत त्यांतील त्रेचाळिसावा आणि चव्वेचाळिसावा यांची सीमा ७८ अंश पूर्व रेखांशावर येते, आणि ही रेषा विदर्भातून जाते: अमरावती शहर तिच्या पश्चिमेस, यवतमाळ शहर पूर्वेस. त्या रेषेवर यवतमाळच्या अक्षांशाजवळ उभ्या असलेल्या एकाच झाडाचे पूर्वांतर एका पट्ट्याच्या हिशेबाने सुमारे ८,१३,००० मीटर, तर दुसऱ्याच्या हिशेबाने सुमारे १,८७,००० मीटर येते. दोन्ही पट्ट्यांच्या जाळीवरील उत्तर दिशा एकमेकींशी दोन अंशांहून अधिक कोन करतात. दोन्ही आकडे बरोबर आहेत. स्तर जोडण्यापूर्वी दोहोंस एकाच पट्ट्यात आणणे एवढेच येथे कर्तव्य, आणि ते यंत्र निर्दोषपणे करते. पट्टा कोणता हे फाइलसोबत लिहिलेले असले पाहिजे, ही अट मात्र माणसाने पाळावयाची.

नकाशांची पत्रके जेथे तोडली जातात तेथेही कडा जुळवाव्या लागतात, आणि त्याचे एक उदाहरण पुणेकर श्रोत्यांस घरचे वाटेल. पन्नास हजारांस एक या प्रमाणाचे सर्वेक्षण विभागाचे नकाशे पंधरा पंधरा कलांवर तोडलेले असतात, आणि साडेअठरा अंशांचा अक्षांश या शहराच्या अंगावरून जातो. त्यामुळे शनिवारवाडा ४७ एफ/१४ या नकाशावर आणि पर्वती ४७ एफ/१५ या नकाशावर पडते. पेशव्यांच्या वाड्यातून देवदर्शनास निघालेला माणूस वाटेत एक नकाशा सोडून दुसऱ्यात शिरतो. अशा ठिकाणी रस्ता एका पत्रकावर जेथे संपतो तेथूनच दुसऱ्यावर सुरू व्हावा, समोच्च रेषेची उंची दोहोंवर एक असावी, आणि त्या रस्त्यास एका पत्रकावर पक्की सडक व दुसऱ्यावर गाडीवाट म्हटलेले नसावे, ही सारी दक्षता घ्यावी लागते. आणि या शेवटच्या प्रकारची तफावत पत्रकांची पाहणी वेगवेगळ्या वर्षी झाल्यामुळे निर्माण होते. कॅनडात १९६० च्या दशकात रॉजर टॉमलिन्सन यांनी संगणकावर नकाशे घेण्याची पहिली मोठी व्यवस्था उभारली, तेव्हापासून पत्रकांच्या कडा जुळविणे हा या विद्येतला पायाभूत प्रश्न होऊन राहिला आहे.

गणिताच्या विसंगती बाजूस काढल्या म्हणजे जी उरते ती पुराव्याची विसंगती, आणि माझे खरे म्हणणे तिच्याविषयी आहे. सॉफ्टवेअर येथे एक सोय देते. पाच मीटर, दहा मीटर, असे एक अंतर आपण सांगावयाचे, म्हणजे त्या अंतराच्या आत आलेले एका स्तराचे बिंदू दुसऱ्या स्तराच्या बिंदूंवर जाऊन चिकटतात आणि फटी नाहीशा होतात. यास टॉलरन्स म्हणतात. काही क्षणांत शेकडो गावांच्या शिवा स्वच्छ होतात, पडद्यावरचे तांबडे इशारे मावळतात, आणि काम पुरे झाल्याचा शेरा मारता येतो. पण त्या क्षणांत घडले काय? तीन किलोमीटर लांबीच्या शिवेवर सरासरी चार मीटरांची फट असेल, तर तिचे क्षेत्र बारा हजार चौरस मीटर, म्हणजे सुमारे तीन एकर होते. ते तीन एकर यंत्राने एका गावास दिले. कोणत्या गावास, हे पुष्कळ वेळा कोणता स्तर आधार म्हणून निवडला एवढ्यावरून ठरले. शिवाय चिकटण्याची ही क्रिया क्रमावर अवलंबून असते: पहिले गाव दुसऱ्यास आणि दुसरे तिसऱ्यास जोडले तर जो नकाशा येतो, तो तिसऱ्यापासून उलट आल्यास येत नाही, आणि जेथे तीन गावांच्या शिवा एकत्र येतात त्या बिंदूची तर फार ओढाताण होते. टॉलरन्स जास्त ठेवला तर शिवेलगतच्या शेताचे कोपरेही सरकतात, अरुंद पाणंदीच्या दोन कडा एकमेकींस मिळून पाणंदच नाहीशी होते, आणि ज्या गटाचे क्षेत्र सातबाऱ्यावर एक आहे त्याचे नकाशावर दुसरे होते.

कोणी म्हणेल, तालुक्याच्या आराखड्यासाठी चार मीटरांनी काय बिघडते? पर्जन्याचा किंवा पीकपाण्याचा नकाशा करावयाचा असेल तर खरोखरच काही बिघडत नाही, आणि तेथे मी या सोयीचा उपयोग आनंदाने करीन. परंतु नकाशा एकदा तयार झाला म्हणजे तो ज्या कामासाठी केला त्याच कामापुरता राहत नाही. उद्या त्याच्यावर कालव्याची किंवा महामार्गाची आखणी होते, परवा भूसंपादनाची यादी तयार होते, आणि ज्याची जमीन त्या तीन एकरांत होती तो शेतकरी मोबदल्याच्या यादीत दोनदा येतो किंवा एकदाही येत नाही. तेव्हा तो हातात कागद घेऊन कचेरीत उभा राहतो, आणि त्याच्यासमोरचा कारकून पडद्यावरची रेषा दाखवून म्हणतो की शीव येथेच आहे. ती रेषा कोणी सरकविली, केव्हा, किती आणि कशाच्या आधारावर, याचे उत्तर त्या कचेरीत कोणापाशीच नसते. हा अन्याय कोणाच्या दुष्टपणातून घडत नाही, म्हणून तो कमी होत नाही.

आपल्या जुन्या व्यवहारात शीव ठरविणे ही साक्षीपुराव्याची गोष्ट होती. मराठेशाहीत शिवेचा तंटा पडला म्हणजे गोत जमे, उभय गावांचे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार यांच्या साक्षी होत, आणि निर्णयाचा महजर होई. शिवेच्या खुणांविषयी गावच्या महारांच्या शब्दास विशेष वजन असे, कारण शीव राखण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे होते आणि ती भूमी त्यांच्या पायाखालची होती. इंग्रजी कायद्यानेही या तत्त्वाचा मान राखला. मुंबईच्या १८७९ च्या जमीन महसुलाच्या कायद्यात असे होते की शेजारच्या गावांच्या पाटलांनी व गावकामगारांनी आपल्या सामाईक शिवेची एखादी रेषा स्वखुशीने मान्य केली तर मोजणी अंमलदाराने त्यांजकडून तसा करार लिहून घ्यावा आणि मग ती शीव आखावी. एकमत न झाल्यास अंमलदाराने चौकशी करून निर्णय द्यावा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ यातही सीमा आणि सीमाचिन्हे यांस स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे. दोन गावांच्या रेषा जुळत नसतील तर काय करावे, याची पद्धत म्हणजे कायद्याने फार पूर्वीच घालून दिली आहे: उभय पक्षांस बोलवावे, जागेवर जावे, लिहून घ्यावे. टॉलरन्सचा आकडा त्या पद्धतीची जागा घेऊ शकत नाही.

मग प्रत्येक फटीसाठी मोजणीदार धाडावयाचा काय? राज्यातील गावांची संख्या चाळीस हजारांच्या वर आहे. तसे करणे अशक्य आहे आणि आवश्यकही नाही. यंत्राची खरी शक्ती येथेच कामास लावावी, आणि ती शक्ती विसंगती शोधण्याची आहे. प्रत्येक शिवेवरील फटी आणि चढलेले भाग स्वतंत्र स्तरावर काढून, त्यांचे क्षेत्र आणि रुंदी मांडून, कागद आकसल्याने व रेषेच्या जाडीने जेवढे अंतर पडू शकते तेवढ्यात कोणत्या बसतात आणि कोणत्या त्याबाहेर जातात, हे यंत्र एका दुपारी सांगू शकते. पहिल्या वर्गातील फटी नियमाने मिटवाव्यात, आणि त्याही एका गावास झुकते माप न देता, उपग्रहाधारित यंत्राने मोजलेल्या शिवेच्या दगडांस स्थिर धरून, सबंध तालुक्याची चूक एकदम वाटून. लॅम्टन आणि एव्हरेस्ट यांच्या गणकांनी हाताने जे केले ते आता अनायासे होते. दुसऱ्या वर्गातील फटी मिटवू नयेत. त्या तशाच ठेवून त्यांची यादी मोजणी कचेरीकडे पाठवावी. जेथे पंचवीस-तीस मीटरांचे अंतर पडते तेथे बहुधा ओढ्याने पात्र बदललेले असते, एखादा दगड उखडलेला असतो, किंवा नक्कल करताना काही साखळ्या गळालेल्या असतात. आणि यातले काय घडले हे केवळ जागेवर कळते.

आपल्या दप्तरात यासाठी एक उत्तम नमुना तयार आहे. कोणत्याही भूमापन क्रमांकाचे क्षेत्र किंवा आकार बदलला तर त्याची नोंद कमी-जास्त पत्रकात होते: पूर्वी काय होते, आता काय झाले, कशामुळे, कोणाच्या हुकमाने. स्तर जोडणाऱ्यानेही असेच पत्रक ठेवले पाहिजे, आणि ते ठेवणे संगणकावर कागदापेक्षा सोपे आहे. शिवेच्या प्रत्येक खंडास दोन्ही मूळ नकाशांची नावे, त्यांच्या मोजणीची वर्षे, रेषा किती मीटर हलविली, कोणी आणि कोणत्या आधाराने, एवढे रकाने जोडले की पुरे. अमेरिकेच्या लष्करी अभियंत्यांच्या प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात वाढलेली ग्रास ही प्रणाली यासाठी मला विशेष आवडते, कारण ती दोन गावांमधील शीव दोनदा साठवीतच नाही; रेषा एकच, तिच्या डाव्या हातास अमुक गाव, उजव्या हातास तमुक. आपल्या खरेदीखतांतील चतुःसीमेची जी रीत, तीच ही. सामाईक वस्तूची नोंद एकदाच झाली म्हणजे तिच्याविषयीचा पुरावाही एकाच ठिकाणी जमतो.

तपशिलाच्या रकान्यांविषयी थोडक्यात सांगतो, कारण तेथील दोष उघड असतात आणि मनावर घेतल्यास लवकर सुधारतात. एका स्तरात गावाचे नाव ‘वडगाव बु॥’, दुसऱ्यात ‘वडगाव बुद्रुक’, तिसऱ्यात रोमन लिपीत. शेपफाइलमध्ये रकान्याच्या नावास दहाच अक्षरे मिळत असल्याने ते अर्धे तुटलेले. देवनागरी मजकूर भलत्या संकेतात उघडल्याने निरर्थक चिन्हांत परिवर्तित. गाव नावाने न ओळखता जनगणनेच्या संकेतांकाने ओळखावे, म्हणजे यातील पुष्कळशी अडचण दूर होते.

अखेरीस मी पुन्हा इंदापुराकडे येतो, कारण ज्या तालुक्यात या मोजणीपद्धतीचा पाया घातला गेला त्याच तालुक्यात या प्रश्नाचे सर्वांत कठीण रूप पाहावयास मिळते. भीमा नदी तेथे पुणे जिल्ह्याची सरहद्द सांभाळते; पलीकडच्या तीरावर नगर आणि सोलापूर जिल्ह्यांची गावे. नदीचे पात्र सरकते, एका काठाची माती दुसऱ्या काठास लागते, आणि मळईच्या जमिनीसाठी कायद्यात स्वतंत्र कलमे घालावी लागली. दोन तीरांवरील गावांची मोजणी वेगवेगळ्या वर्षी झाली असेल तर दोन्ही नकाशे आपापल्या वर्षापुरते खरे असूनही एकमेकांस मिळणार नाहीत. त्यात १९८० मध्ये उजनी धरण पुरे झाले आणि कित्येक गावांचे जुने शिवार, शिवेच्या दगडांसह, जलाशयाखाली गेले. इतरत्र मी जे सांगितले की संशय पडला तर जागेवर जावे, तो उपाय येथे चालत नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते; जुन्या गावनकाशावर ते दाखविले असेल, तर स्थिर खूण म्हणून त्याचे स्थान मोजून घेता येईल, आणि अशा जितक्या खुणा सापडतील तितक्या त्या थोड्या आठवड्यांत मोजून ठेवल्या पाहिजेत. परंतु पाण्याखालच्या शिवेविषयी अंतिम साक्षीदार म्हणून ते दोन जुने नकाशेच उरतात, आणि ते परस्परविरुद्ध बोलतात. अशा शिवेवर इंदापूर आणि पलीकडच्या तीरावरील करमाळा या तालुक्यांचे स्तर जोडणाऱ्यास माझी विनंती आहे की त्याने दोन्ही रेषा आपापल्या मोजणीच्या वर्षासह तशाच ठेवाव्यात, मधली पट्टी कोणत्याही गावाच्या रंगाने भरू नये, शेऱ्याच्या रकान्यात ‘निर्णय झालेला नाही’ असे स्वच्छ लिहावे, आणि मोजणी अंमलदाराचा हुकूम होईपर्यंत तिच्यावरून डिझॉल्व्हची आज्ञा फिरवू नये.